‘सोंग’ म्हणजे सोंग नव्हे

गेल्या रविवारी सकाळी बाबांनी उभ्याउभ्या मोजा घातला. भिंत न धरता.

वाचताना यात विशेष काही वाटणार नाही. मलाही वाटलं नव्हतं. मी पेपरात डोकं घालून बसलो होतो, आईने कोपराने ढोसलं आणि नुसत्या डोळ्यांनी तिकडे बघायला सांगितलं. डावा पाय जमिनीवर, उजवा वर, दोन्ही हात मोज्यात. तीन-चार सेकंदांचा मामला. मग पाय खाली, बूट, "जाऊन येतो गं" आणि माणूस फिरायला बाहेर.

बरेच दिवसांत इथे काही लिहिलं नव्हतं. यावर लिहावंसं वाटलं, पण त्यासाठी आधी २००७ सालच्या शांघायला जावं लागेल. नमनाला घडाभर तेल जाणार आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

तर तेव्हा मी एका प्रोजेक्टसाठी दोन वर्षं शांघायला होतो. ऑफिस नदीपलीकडे पुडोंगमध्ये, घर अलीकडे जुन्या फ्रेंच वस्तीच्या भागात. जाण्याआधी सिंहगड उतरताना उजवा घोटा मुरगळला होता, आणि तिथे गेल्यावर दोन महिन्यांत मेट्रोच्या जिन्यावर तोच घोटा पुन्हा. सूज गेली, दुखणं गेलं, पण पायावरचा भरवसा गेला तो गेलाच. फुटपाथवरची फरशी जरा हलली तरी पोटात गोळा यायचा. शेजारच्या क्युबिकलमधल्या चिनी सहकाऱ्याने एकदा मला लंगडताना बघितलं आणि म्हणाला, "तू फूशिंग पार्कात का जात नाहीस? माझ्या आईची मैत्रीण तिथे शिकवते."

फूशिंग पार्क म्हणजे १९०९ साली फ्रेंचांनी सुरू केलेली बाग. उंच झाडं, गुलाबाचे वाफे, आणि सकाळी सहाला अर्धं शहर तिथे. एका कोपऱ्यात पत्ते, एका कोपऱ्यात बॉलरूम डान्स (हो, सकाळी सहाला!), कोणी पिंजऱ्यातले पक्षी घेऊन आलेलं. आणि ताय ची करणारे घोळके तर जागोजाग. बहुतेक जण करत होते तो २४ हालचालींचा सोपा प्रकार, जो चीनच्या सरकारी क्रीडा खात्याने १९५६ मध्ये सगळ्यांना जमावा म्हणून बसवला. आपल्याकडे ताय ची म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते हेच: म्हाताऱ्या माणसांचं संथ चाललेलं काहीतरी. ती मुळात एक मारामारीची विद्या आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. हनान प्रांतातल्या चनजियागौ नावाच्या खेड्यात ती वाढली. तिथे शिकलेल्या यांग लूछान यांनी एकोणिसाव्या शतकात ती बीजिंगला नेली आणि तिथून ती पसरली.

आमच्या बाई सत्तरीच्या होत्या. कापडगिरणीतून निवृत्त झालेल्या, उंची माझ्या खांद्याएवढी, वजन असेल पंचेचाळीस किलो. सगळे त्यांना ‘आयी’ म्हणायचे. म्हणजे मावशी. मराठी माणसाला ते हाक मारायला किती सोपं गेलं असेल बघा.

पहिल्या दिवशी आयींनी माझ्याकडे बघितलंच नाही, माझ्या बुटांकडे बघितलं. भारी रनिंग शूज, टाचेखाली जेल, वर खास आधार वगैरे. त्या खाली वाकल्या, अंगठ्याने तळवा दाबला (आपण आंबा पिकलाय का बघतो तसा) आणि खो खो हसल्या. सहकारी भाषांतर करायला आला होता. तो म्हणाला, "त्या म्हणतायत, गादीवर उभं राहून जमीन कशी सापडणार?" दुसऱ्या आठवड्यात मी फेइयुएचे बूट घेतले. शांघायचेच, कॅनव्हासचे, पातळ रबरी तळ्याचे. किंमत माझ्या रनिंग शूजच्या लेसएवढी.

मग तीन आठवडे मी काय केलं? उभा राहिलो. बस्स.

याला ‘जान ज्वांग’ म्हणतात. ज्वांग म्हणजे जमिनीत ठोकलेला खुंट. पाय खांद्याएवढे लांब, पावलं समांतर, गुडघे किंचित सैल, हात पोटासमोर जणू एखादं पिंप कवटाळलंय असे. दहा मिनिटं. ऐकायला सोपं आहे, करून बघा. चौथ्या मिनिटाला मांड्या थरथरायला लागतात, सहाव्याला घाम, आणि आठव्या मिनिटाला आपण आयटीत का आलो इथपर्यंत विचार जातात. मी थरथरलो की आयी यायच्या, खांद्यावर बोट टेकवायच्या आणि म्हणायच्या, "सोंग! सोंग!"

मला खरंच राग यायचा. मी इथे जीव तोडून उभा आहे आणि ही बाई म्हणते मी सोंग करतोय!

सोंग म्हणजे चिनीत सैल सोडणं. पण सैल म्हणजे लुळं नाही. टांगलेल्या ओल्या पंचासारखं म्हणा: वरून धरलेला आहे, पण बाकी सगळं वजन खाली गेलंय. खांदे सोडले की वजन कमरेत येतं. कंबर सोडली (नेमकं सांगायचं तर जांघेतला सांधा, त्याला ते ‘ख्वा’ म्हणतात) की मांड्यांत, आणि गुडघे अडवून धरले नाहीत तर तिथून पावलात. वाटेत कुठे आखडलं की वजन तिथेच अडकतं. माझं ते नेहमी खांद्यांत अडकायचं. दिवसाचे दहा तास कीबोर्डवर वाकलेल्या माणसाचं आणखी कुठे अडकणार?

पावलात पोचल्यावर पुढे काय, यावर मात्र घराणी वेगवेगळं सांगतात. तळव्यावर, बोटं सोडून उरलेल्या भागाच्या पुढच्या तिसऱ्या हिश्शाशी, मध्ये एक खळगा असतो. चिनी वैद्यकात त्याचं नाव ‘योंग छ्वान’, उसळता झरा. न्यूयॉर्कमध्ये ताय ची रुजवणारे जंग मानछिंग या बिंदूला फार महत्त्व देत, इथूनच जमिनीत मूळ जातं असं मानत. उलट चन घराण्यात बोटांनी जमीन हलकेच धरायची आणि हा खळगा पोकळ ठेवायचा, असं शिकवतात. विंग चुनमध्ये तर पावलं आत वळवून उभे राहतात. बाग्वावाले गोल गोल चालतात, चिखलातून चालल्यासारखं पाऊल सपाट सरकवत. आयींचं म्हणणं साधं होतं: टाच, अंगठ्याचा उंचवटा, करंगळीचा उंचवटा, या तिन्हींखाली वजन सारखं लागलं पाहिजे. माझा उजवा पाय बाहेरच्या कडेवर झुकायचा. दोनदा मुरगळला तो उगाच नाही.

एक गंमत सांगतो. चिनीत मूळ, झाडाचं मूळ, म्हणजे ‘गन’. आणि टाच, तीही ‘गन’. उच्चार तोच. लिहिताना उजवा अर्धा भाग सारखाच असतो, फक्त एकाला डावीकडे लाकडाची खूण आणि दुसऱ्याला पायाची. हे सहकाऱ्याने पेपर नॅपकिनवर काढून दाखवलं तेव्हा मी तो नॅपकिन पाकिटात ठेवून दिला होता. नंतर पाकीटच हरवलं. असो.

उभं राहणं जमायला लागल्यावर चालणं आलं. आणि माझ्या मते खरी विद्या इथे आहे, खुंटासारखं उभं राहण्यात नाही. आपण चालतो म्हणजे काय करतो? पुढे पडतो आणि पाय टाकून स्वतःला झेलतो. ताय चीत तसं चालत नाही. आधी सगळं वजन एका पायावर घ्यायचं, शंभर टक्के. तो पाय ‘भरलेला’. दुसरा ‘रिकामा’. रिकाम्या पायाची टाच पुढे टेकवायची, पण त्यावर अजून एक ग्रॅमही द्यायचा नाही. मग वजन हळूहळू ओतायचं, एका तांब्यातून दुसऱ्या तांब्यात पाणी ओतावं तसं. आयी मध्येच टाळी वाजवायच्या. टाळी वाजली की टेकवलेला पाय परत उचलता आला पाहिजे, अंग न हलता. उचलता आला नाही तर तुम्ही आधीच पडला होतात, फक्त कळलं नव्हतं. (आमच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅकची सोय असल्याशिवाय डिप्लॉय करायचं नाही. माफ करा, राहवलं नाही.)

जून २००८ मध्ये आयींनी मला पहिल्यांदा थुई शौमध्ये उभं केलं. दोघांनी समोरासमोर, मनगटाला मनगट लावून, एकमेकांचा तोल काढायचा. मी पंच्याहत्तर किलो, त्या पंचेचाळीस. मला सत्तरीच्या बाईला ढकलायची लाज वाटत होती. ती लाज साधारण दोन सेकंद टिकली. मी ढकललं, समोर काहीच लागलं नाही, आणि पुढच्या क्षणी मी तीन पावलं मागे, एका पत्तेवाल्या आजोबांच्या टेबलाला धडकलो होतो. आजोबांनी पत्ते सांभाळले, माझ्याकडे बघितलंही नाही. रोजचंच होतं त्यांना.

यात जादू आहे का? इंजिनिअर असल्यामुळे मी हा प्रश्न कागदावर सोडवून बघितला. माणूस पडतो कधी, तर त्याच्या वजनाची उभी रेषा पावलांनी आखलेल्या चौकटीबाहेर गेली की. छातीवर आडवं ढकललं तर तो जोर त्याला मागच्या टाचेभोवती उलटवायला बघतो. जोर जितका वर लागेल तितकं उलटवणं सोपं. म्हणून खाली बसायचं आणि एक पाय मागे टाकायचा. इथपर्यंत शाळेचं फिजिक्स. खरी मेख पुढे आहे. आयी माझ्या जोराला आडवा विरोध करतच नव्हत्या. त्या माझ्या कोपराखालून अगदी हलका वरच्या दिशेने दाब देत होत्या. म्हणजे माझ्या पायाखालचा भार थोडा कमी, आणि तेवढाच त्यांच्या पायाखाली जास्त. मी हलका झालो, त्या जड झाल्या! आता ढकलतंय कोण आणि सरकतंय कोण? त्यात मी आखडलेला. आखडलेल्या माणसाचा खांदा हलवला की त्याची टाच हलते, सगळं एकाच फळीचं. सैल माणसाचा खांदा हलवला तर फक्त खांदा हलतो.

बाकी यूट्यूबवर दहा शिष्य रांगेत उभे राहून गुरूला ढकलतायत आणि गुरू हसतायत, असले व्हिडिओ मी मनावर घेत नाही. शिष्य गुरूला पाडायला उत्सुक नसतात, हे त्यातलं मोठं रहस्य आहे :)

त्याच वर्षी मी शाओलिनलाही जाऊन आलो. तिथल्या सहस्र बुद्धांच्या दालनात विटांच्या फरशीवर ४८ खळगे आहेत. पिढ्यान् पिढ्या भिक्षूंनी तिथे पाय आपटून सराव केला त्याचे, असं सांगतात. गर्दीत कोणीतरी त्यात पाय घालून फोटो काढायला बघत होतं आणि रखवालदार ओरडत होता. मी मात्र त्या खळग्यांमधलं अंतर बघत होतो. कोणत्या स्टान्समध्ये उभे असतील? तेव्हा जाणवलं की आपण आता या नादाला पक्के लागलो.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जून २००९. शांघायच्या मिन्हांग भागात बांधून होत आलेली एक १३ मजली इमारत पहाटे आडवी झाली. कोसळली नाही, आडवी झाली, झोपल्यासारखी, जवळजवळ अखंड. एक कामगार गेला. शांघायची जमीन गाळाची, मऊ, त्यामुळे इमारती खोल खुंटांवर उभ्या करतात. बांधकामातल्या त्या खुंटालाही चिनीत ज्वांगच म्हणतात, अक्षर तेच. चौकशीत निघालं की एका बाजूला गॅरेजसाठी साडेचार मीटर खड्डा खणला होता आणि उपसलेली माती दुसऱ्या बाजूला दहा मीटरपर्यंत रचली होती. एका बाजूचा आधार काढला, दुसऱ्या बाजूने ढकललं. खुंट मोडले. दुसऱ्या दिवशी पार्कात सगळे याच्याबद्दलच बोलत होते. आयी काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी आम्हाला नेहमीपेक्षा जास्त वेळ उभं केलं.

त्याच वर्षाअखेर मी पुण्याला परत आलो. पहिले सहा महिने रोज गच्चीवर. मग शनिवार-रविवार. मग काय, तुम्हाला माहीत आहे.

आता जुलै २०२४. बाबा ७३. पावसाळी सकाळ, बाथरूमची ओली फरशी, मनगटाला फ्रॅक्चर. सहा आठवडे प्लास्टर. मनगट छान जुळलं, डॉक्टर खूश. पण प्लास्टर निघाल्यावर जो माणूस घरात हिंडायला लागला तो वेगळाच होता. इंचाइंचाची पावलं, नजर जमिनीत, खांदे कानापर्यंत वर. एक हात कायम कशावर तरी: खुर्ची, फ्रीज, दाराची चौकट. घरातलं फर्निचर कुठून कुठे किती लांब, हे त्यांना पाठ झालं होतं. बाहेर फर्निचर नव्हतं. त्यामुळे बाहेर जाणं बंद. संध्याकाळचा कट्टा बंद, मंडई बंद. "आज जरा कंटाळा आलाय" हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत इतक्यांदा ऐकलं, की शेवटी विचारणंच सोडून दिलं.

पडलेला माणूस पुन्हा पडू नये म्हणून आखडतो. आणि आखडतो म्हणून पुन्हा पडायला सोपा होतो. हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्या पत्त्यांच्या टेबलाला मीच धडकलो होतो.

मग इंजिनिअरने इंजिनिअरसारखं केलं. रात्री बसून पेपर शोधले. १९९६ मध्ये अमेरिकेत अॅटलांटाला सत्तरीपुढच्या २०० लोकांवर एक प्रयोग झाला होता. १५ आठवडे ताय ची करणाऱ्यांचा वारंवार पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. २०१२ मध्ये पार्किन्सन्सच्या १९५ रुग्णांवर आणखी एक, तिथेही ताय चीवाल्यांचा तोल सुधारला. पण मला खरी आवडली ती अॅटलांटाच्याच अभ्यासातली पुढची गोष्ट. काही जणांना त्यांनी कॉम्प्युटरला जोडलेल्या यंत्रावर तोलाचं ट्रेनिंग दिलं होतं. यंत्रावर मोजल्यावर शरीर कमी डुलू लागलं ते या लोकांचं. ताय चीवाल्यांच्या डुलण्यात फारसा फरकच नव्हता! त्यांची कमी झाली ती पडण्याची भीती.

डुलणं म्हणजे काही बिघाड नव्हे. आपण स्थिर उभे आहोत असं वाटतं तेव्हाही सतत डुलत असतो. तळव्याची कातडी, घोट्याचे सांधे, कानाच्या आतलं यंत्र, डोळे, सगळे मिळून मेंदूला कळवत असतात आणि पोटऱ्या बारीक बारीक दुरुस्त्या करत असतात. वय वाढलं की तळव्याची जाण बोथट होते. बाबा तर घरातही जाड रबरी सपाता घालत होते. गादीवर उभं राहून जमीन कशी सापडणार?

फिजिओथेरपिस्टबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चालेल, पण आधाराला हाताशी काहीतरी हवंच." आमच्या स्वयंपाकघराचा ओटा त्यासाठी उत्तम. नोव्हेंबरपासून सुरू केलं. अनवाणी, दोन्ही हात ओट्यावर टेकलेले, वजन एका पायावरून दुसऱ्यावर. ओता, रिकामा करा. बाबा वैतागून, पण करत होते.

आणि दुसऱ्या आठवड्यात मी शहाणपणा केला. म्हटलं, "बाबा, आता हात सोडा आणि डोळे मिटा बघू." कारण मला ते शांघायमध्ये जाम आवडायचं, डोळे मिटले की पाय बोलायला लागतात वगैरे. बाबांनी डोळे मिटले आणि सरळ मागे गेले. मी धरलं, पण डब्यांची मांडणी हादरली, साखरेचा डबा खाली. आई धावत आली. बाबांचा चेहरा पांढरा पडला होता. खुर्चीवर बसल्यावर थोड्या वेळाने म्हणाले, "तुझ्या त्या चिनी आजीला सांग, मला अजून जगायचंय."

चूक माझीच होती. आयींनी मला डोळे मिटायला लावले ते आठ महिन्यांनी. आणि माझे पाय एकोणतीस वर्षांचे होते.

दोन आठवडे घरात या विषयावर चकार शब्द नाही. सपाता परत आल्या.

मग एका सकाळी पाणी प्यायला उठलो तर बाबा ओट्याशी उभे. गॅसवर दूध. सपाता कोपऱ्यात काढून ठेवलेल्या. दोन बोटं ओट्यावर, नुसती टेकलेली, आणि अंग डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश. मी दाराआडच थांबलो. दूध वर आलं, त्यांनी गॅस बंद केला, आणि मागे न बघताच म्हणाले, "चोरून काय बघतोस?"

मी म्हटलं, "छान चाललंय बाबा."

"यात नवीन काय आहे? मिरजेला दोन वर्षं तालमीत जायचो मी. अंग ताठ ठेवलं की वस्ताद पाठीत रट्टा घालायचे. ताठ माणसाला फळीसारखा उचलता येतो म्हणायचे."

बाबा तालमीत जायचे हे मला पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

तेव्हापासून दूध तापवणं हे त्यांचं खातं झालं. रोज, दूध वर येईपर्यंत. आधी दोन बोटं, मग एक, मग ओट्यापासून इंचभर वर धरलेला हात. मी मध्ये बोललो नाही. एकदाच टाळी वाजवून बघितली, तर आईने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा वाजवली नाही.

रविवारी ते फिरून आले तेव्हा साडेआठ वाजले होते. कट्ट्यावर कोणकोण आलं होतं ते सगळं सांगून झालं. बूट काढले (बसून), मोजे काढले, अनवाणीच आत आले आणि चहाचा कप हातात घेत मला म्हणाले,

"ते डोळे मिटायचं काय होतं रे?"

"अजिबात नाही," आई आतून म्हणाली.